फ्यूजन गुंतवणूक वर्कशॉप (३ दिवस, ऑनलाइन) : पहिला दिवस सोन्यासारखा, तिसऱ्या दिवशी मात्र खिसा सांभाळा

फी रु. ४,९९९ भरून मी हा वर्कशॉप केला, शुक्रवार शनिवार रविवार, रोज संध्याकाळी ७ ते ९. विषय होता न्यूक्लिअर फ्यूजनवर (हलक्या अणूंची केंद्रकं जोडून ऊर्जा काढणं, सूर्यात होतं तसं) काम करणाऱ्या खासगी कंपन्यांमध्ये पैसे कसे लावायचे. आयोजकांचं नाव लिहीत नाही, मला कोणाशी भांडायचं नाहीये, पण रिटायर लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अशा जाहिराती आता रोज फिरतात, पुढे जाणाऱ्याला कळावं म्हणून जे बघितलं ते सगळं लिहितो. थोडं लांबेल, वाचा.

मी चंद्रपूरच्या थर्मलला ३१ वर्षं काढली, सगळी ऑपरेशनमध्ये, त्यातली निम्मी कंट्रोल रूममध्ये शिफ्ट करत. राख, ट्यूब लीकेज, पावसाळ्यात ओला कोळसा येऊन मिल चोक होणं, हे सगळं अंगावर घेतलेलं आहे. त्यामुळे राख नाही, चिमणी नाही आणि वीज मात्र रात्रंदिवस, असं कोणी म्हटलं की मी कान टवकारून ऐकतो. माझ्यासाठी हा नुसता पैशाचा विषय नाही. उन्हाळ्यात चंद्रपुरात गच्चीवर वाळत टाकलेल्या कपड्यांवर काय बसतं ते आमच्या घरच्या बायकांना विचारा.

पहिला दिवस. शिकवायला एक मॅडम होत्या, वय असेल तिशीचं, प्लाझ्मा (प्रचंड तापून विजेचा भार आलेला वायू) फिजिक्समध्ये पीएचडी, मराठीतून छान बोलल्या. इतकं सोपं करून सांगितलं की मी पेन काढून वहीत लिहायला लागलो. ड्युटेरियम आणि ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचे दोन जड प्रकार, एकत्र आले की १७.६ एमईव्ही (अणूच्या पातळीवरचं ऊर्जेचं माप) ऊर्जा बाहेर पडते, त्यातली १४.१ न्यूट्रॉन घेऊन पळतो, म्हणजे साधारण ८० टक्के. तापलेला प्लाझ्मा चुंबकाने धरून ठेवतात, पण न्यूट्रॉनला चार्ज नाही त्यामुळे चुंबक त्याला अडवू शकत नाही, तो सरळ भिंतीवर जाऊन आदळतो आणि तिथे उष्णता देतो, आणि मग त्या उष्णतेची वाफ, वाफेवर टर्बाईन. हे ऐकल्यावर मला फार बरं वाटलं, शेवटी सगळं आपल्या ओळखीच्या वाफेवरच येतं. आणि हे घडायला १० कोटी डिग्रीच्या वर तापमान लागतं, सूर्याच्या गाभ्यापेक्षाही कितीतरी जास्त, कारण सूर्याकडे वजनाचा दाब आहे, आपल्याकडे तो नाही.

मग त्यांनी कॅमेऱ्यासमोर एक फीत धरली. जुन्या ऑडिओ कॅसेटची टेप असते ना तशीच दिसायला, ४ मिलिमीटर रुंद, बोटाच्या चिमटीत धरलेली, एका बाजूने तांब्याच्या रंगाची चमकत होती. म्हणाल्या ही रेबको टेप, हाय टेम्परेचर सुपरकंडक्टर, म्हणजे विजेला अजिबात अडथळा न करणारी आणि त्यासाठी जुन्या सुपरकंडक्टरइतकी थंडी न लागणारी, आणि गेल्या काही वर्षांत फ्यूजनमध्ये खासगी पैसा धावत का आला त्याचं अर्धं उत्तर या फितीत आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये एमआयटी आणि कॉमनवेल्थ फ्यूजन सिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने असली २६७ किलोमीटर टेप गुंडाळून एक चुंबक केला, उणे २५३ डिग्रीला थंड केला आणि २० टेस्ला (चुंबकाच्या ताकदीचं माप) फील्ड काढून दाखवलं. फील्ड दुप्पट केलं की तेवढ्याच जागेत फ्यूजनची पॉवर सोळापट होते, म्हणून मशीन लहान करता येतं. फ्रान्समध्ये आपण सात भागीदार मिळून जो इटर हा प्रायोगिक फ्यूजन प्रकल्प बांधतोय त्याची मोठी त्रिज्या (मेदूवड्यासारख्या मशीनच्या मध्यापासून कड्याच्या मध्यापर्यंत) ६.२ मीटर, आणि कॉमनवेल्थवाले मॅसॅच्युसेट्समध्ये डेव्हन्सला जे स्पार्क नावाचं प्रायोगिक मशीन उभं करतायत त्याची १.८५ मीटर. लहान मशीन म्हणजे कमी पैसे, कमी वर्षं, आणि चुकलं तर पुन्हा करायची सोय. खासगी गुंतवणूकदाराला समजणारी गोष्ट ही आहे. ती फीत त्यांनी वाकवून दाखवली आणि परत एका छोट्या डबीत जपून ठेवली, ते माझ्या डोळ्यासमोरून अजून जात नाही. पहिल्या दिवसाला ५ पैकी ५, आणि फी तिथेच वसूल झाली असं मी प्रामाणिकपणे म्हणेन.

दुसरा दिवस कंपन्यांचा. वेगळे सर होते, शेअर मार्केटवाले, सूट घालून, बोलायला फास्ट. माहिती बऱ्यापैकी बरोबर होती, मी नंतर रात्री बसून तपासली. फ्यूजन इंडस्ट्री असोसिएशनचा २०२५ चा रिपोर्ट दाखवला, जगात ५३ कंपन्या आणि तोपर्यंतचा एकूण पैसा साधारण ९.७७ अब्ज डॉलर. एकट्या कॉमनवेल्थने ऑगस्ट २०२५ पर्यंत जवळजवळ ३ अब्ज उभे केले, २०२१ मध्ये त्यांनी एका फेरीत १.८ अब्ज उचलले होते आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आणखी ८६३ दशलक्ष, त्यात एनव्हिडिया, गुगल, इटलीची तेल कंपनी एनी, आणि मित्सुई मित्सुबिशी वगैरे १२ जपानी कंपन्यांचा गट. गुगलने व्हर्जिनियातल्या त्यांच्या पहिल्या ४०० मेगावॅटच्या प्लांटमधून २०० मेगावॅट आधीच बुक केलेत, एनीने तर १ अब्ज डॉलरच्या वरचा वीज करार केलाय. ४०० मेगावॅट म्हणजे आमची २१० ची दोन युनिटं धरा. प्लांट अजून उभा नाही आणि वीज विकली गेलीय, हे मला सुरुवातीला पटत नव्हतं, पण विचार केला तर लक्षात येतं की डेटा सेंटरवाल्यांना २०३० नंतर वीज कुठून आणायची हा खरोखरचा प्रश्न पडलाय आणि अशा कराराच्या जोरावर त्या कंपनीला पुढचं कर्ज उभं करता येतं. आपल्याकडेही नव्या प्लांटला पैसे देताना बँक आधी पीपीए (वीज खरेदीचा करार) विचारतेच.

हेलिअनचं ऐकून मात्र मी खुर्चीत सरसावून बसलो. वॉशिंग्टन राज्यातली कंपनी, चॅटजीपीटीवाल्या सॅम ऑल्टमनचे पैसे, २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टशी करार की २०२८ पर्यंत प्लांट सुरू करून वर्षभरात किमान ५० मेगावॅटवर नेणार. यांचं मशीन वेगळं, त्यात वाफ नाही, टर्बाईन नाही, प्लाझ्मा फुगताना चुंबकावर जो जोर येतो त्यातून सरळ वीज परत घ्यायची अशी कल्पना. आयुष्यभर ज्याने व्हॅक्यूम सांभाळायला कंडेन्सरशी (वाफेचं परत पाणी करणारं यंत्र) झटापट केली त्याला कंडेन्सरच नाही म्हटल्यावर काय वाटेल विचार करा. पण मला सगळ्यात जास्त आवडली ती त्यांच्या पैशाची रचना. २०२१ मध्ये ५० कोटी डॉलर लगेच मिळाले आणि आणखी १.७ अब्ज ठरले, पण ते ठरलेले टप्पे गाठले तरच. प्लांट उभारणीच्या कॉन्ट्रॅक्टरला आपण असंच बिल देतो, ड्रम चढला की इतकं, हायड्रो टेस्ट पास झाली की इतकं, सिंक्रोनाइझ झालं की उरलेलं. आंधळेपणाने कोणी पैसे ओतत नाहीये, मोठे गुंतवणूकदार टप्पे बघून देतायत. सरांनी यावर फक्त अर्धा मिनिट घालवला, खरं तर पूर्ण दिवस यावरच हवा होता.

आता गडबड कुठे झाली ते. सरांनी स्लाइड लावली, डिसेंबर २०२२, कॅलिफोर्नियातली सरकारी लेझर लॅब, फ्यूजनच्या प्रयोगात २.०५ मेगाज्यूल ऊर्जा आत, ३.१५ बाहेर, आणि म्हणाले "बघा, ५० टक्के रिटर्न, सायन्सने प्रूव्ह केलंय." मी चॅटमध्ये टाइप केलं की सर, ऑक्झिलरी कन्झम्प्शन धरून नेट किती? आमच्या थर्मलमध्ये हा पहिला प्रश्न असतो. २१० मेगावॅटचं युनिट २१० दाखवत असलं तरी बॉयलरचे पंप, मोठे पंखे, कोळशाच्या मिल, थंड पाण्याचे पंप, राख काढणं हे सगळं मिळून ८-९ टक्के प्लांटच खातो, बसबारवरून बाहेर जातं ते उरलेलं, आणि पैसे मिळतात ते त्या उरलेल्याचे. सर म्हणाले टेक्निकल प्रश्न नंतर घेऊ. दोन मिनिटांनी चॅट बंद. मला खूप लागलं ते. मी खोडसाळपणे नव्हतं विचारलं, गुंतवणूक करणाऱ्याने विचारायलाच हवा असा तो प्रश्न होता आणि समोर २०० च्या वर लोक बसले होते, त्यातले निम्मे माझ्यासारखे पीएफ ग्रॅच्युइटीवाले.

शेवटच्या दहा मिनिटांत मॅडम आल्या आणि पुन्हा कोणी न विचारता त्यांनीच माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं. म्हणाल्या की २.०५ हा आकडा फक्त टार्गेटवर पडलेल्या लेझरचा आहे, ते लेझर चालवायला ग्रिडमधून साधारण ३०० मेगाज्यूल घेतले होते. म्हणजे ३०० घेऊन ३. शास्त्र म्हणून ते पाऊल फार मोठं आहे, प्रयोगशाळेत पहिल्यांदा टार्गेटवर टाकलेल्या लेझरपेक्षा जास्त ऊर्जा फ्यूजनमधून परत मिळाली, माझ्या मनात त्याबद्दल पूर्ण आदर आहे, आणि ती लॅब वीज बनवण्यासाठी बांधलेलीच नाही हेही त्यांनी सांगितलं. पण त्याला ५० टक्के रिटर्न म्हणणं चूक. स्पार्कचं उद्दिष्टसुद्धा प्लाझ्मात जेवढी ऊर्जा घातली त्यापेक्षा जास्त काढायची एवढं आहे, त्यातून ग्रिडला वीज जाणार नाही, वीज पुढच्या प्लांटमध्ये. हा फरक ज्याला कळला त्याला बातम्यांमधला निम्मा गोंधळ कळतो. दुसऱ्या दिवसाला ५ पैकी ३, त्यातला एक पूर्ण मॅडमचा.

दोन गोष्टींवर कोणीच बोललं नाही, त्या मी इथे लिहितो कारण पैसे लावणाऱ्याने त्या धरायला हव्यात. एक म्हणजे मेंटेनन्स. १४ एमईव्हीचे न्यूट्रॉन रात्रंदिवस आतल्या भिंतीवर आदळणार, ते मटेरियल हळूहळू खराब होणार, आणि आत रेडिएशन असल्यामुळे माणूस जाऊ शकणार नाही, सगळी बदलाबदल रोबोटने. आमच्याकडे एक बॉयलर ट्यूब फुटली की युनिट थंड करा, स्कॅफोल्डिंग बांधा, वेल्ड करा, रेडिओग्राफी करा, दोन तीन दिवस सहज जातात, आणि तिथे तर माणूस आत जाऊ शकतो. प्लांट वर्षातले किती दिवस चालतो यावर युनिटचा दर ठरतो, प्लांट कितीही आधुनिक असो. दुसरं ट्रिटियम. ते निसर्गात जवळजवळ नाहीच, अर्धायुष्य १२.३ वर्षं, आज मिळतं ते मुख्यतः कॅनडातल्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांमधून, म्हणून प्लांटला स्वतःभोवती लिथियमचं आवरण ठेवून स्वतःचं इंधन स्वतः तयार करावं लागणार, आणि पूर्ण प्लांटच्या पातळीवर हे अजून कोणी करून दाखवलेलं नाही. यामुळे फ्यूजन होणार नाही असं मी म्हणत नाही. मला तर मनापासून वाटतं की होईल. पण स्लाइडवर या दोन ओळी नसतील तर ती स्लाइड अपुरी आहे.

तिसरा दिवस, ज्यासाठी मुळात हा रिव्ह्यू लिहायला घेतला. शिकवणं झालं पाऊण तास, बाकी सगळं विकणं. एक "प्री-आयपीओ फ्यूजन युनिट" होतं, म्हणजे कंपनी शेअर बाजारात येण्याआधीचा हिस्सा, कमीत कमी रु. ८ लाख. सांगितलं काय की परदेशात एक एसपीव्ही, म्हणजे फक्त या कामापुरती वेगळी कंपनी, काढलीय, तिच्यात सगळ्यांचे पैसे एकत्र होणार, आणि ती एका मोठ्या फ्यूजन कंपनीचे शेअर घेणार. एंट्रीला ५ टक्के, दरवर्षी २ टक्के फी, आणि नफा झाला तर त्यातले २० टक्के त्यांचे. जनरल फ्यूजनचं उदाहरण दिलं की बघा जानेवारी २०२६ मध्ये शेअर बाजारात लिस्टिंगचा करार जाहीर झाला. खरी गोष्ट आहे, पण कॅनडाची ही कंपनी २००२ पासून काम करतेय आणि मे २०२५ मध्ये पैसे संपत आले म्हणून तिने साधारण पाव कर्मचारी कमी केले होते, तेव्हा तिच्या सीईओने उघड पत्र लिहून पैसे मागितले होते, हे तिथे कोणी सांगितलं नाही. टीएईचंही तसंच, अमेरिकेतली १९९८ ची फ्यूजन कंपनी, डिसेंबर २०२५ मध्ये ट्रम्प मीडियाशी ६ अब्ज डॉलरच्या वरचं विलीनीकरण जाहीर झालं, ती स्लाइड टाळ्यांसह आली, पण २७ वर्षं ज्यांचे पैसे आत अडकून होते त्यांच्याबद्दल एक शब्द नाही. आठ लाख अडकवणाऱ्याने आधी ती २७ वर्षं मोजावीत.

माझा भाचा बॉस्टनजवळ असतो, त्याला रात्री फोन केला. तो म्हणाला, "मामा, इथे आम्हालासुद्धा असं सरसकट घेता येत नाही." अमेरिकेत अशा अनलिस्टेड कंपनीत पैसे घालायला बहुतेक वेळा ॲक्रेडिटेड इन्व्हेस्टर असावं लागतं, वर्षाला २ लाख डॉलर उत्पन्न किंवा राहतं घर सोडून १० लाख डॉलरच्या वर निव्वळ मालमत्ता. नियम असा का, तर एवढ्या माणसाचे पैसे बुडाले तरी तो रस्त्यावर येणार नाही म्हणून. आणि ज्या जोखमीपासून तिथल्या साध्या नोकरदाराला लांब ठेवतात ती जोखीम इथे पेन्शनवर जगणाऱ्याला झूम कॉलवर अर्ध्या तासात विकतात, हे मला अजिबात पटलेलं नाही, मी हे रागानेच लिहितोय.

सोमवारी सेल्सच्या मुलाचा फोन आला. सर, स्लॉट्स संपत आलेत, आज टोकन टाका. मी म्हटलं, बाळा, टोकन टाकतो पण आधी मला तीन कागद दाखव. तुमची एसपीव्ही जे शेअर घेणार ते कोणत्या वर्गाचे, म्हणजे कंपनी विकली गेली तर पैसे परत मिळण्याच्या रांगेत आपण कितवे. अशा कंपन्यांच्या शेअरच्या ट्रान्सफरवर सहसा बंधनं असतात, कंपनीला आधी विचारावं लागतं, तर कंपनीची परवानगी मिळाल्याचं पत्र कुठेय. आणि माझे पैसे एलआरएसमधून (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) जाणार तर कोणत्या खात्यात, कोणाच्या नावाने. तो म्हणाला सिनिअरशी बोलून सांगतो. बायको शेजारी भाजी निवडत बसली होती, ती एवढंच म्हणाली, "अहो, घर घेताना सातबारा बघितल्याशिवाय एक रुपया दिला नव्हता तुम्ही." विषय संपला. मुलगा बिचारा चांगला होता, नोकरी करतोय, त्याच्यावर माझा राग नाही.

मग हा वर्कशॉप करावा का. विज्ञान समजून घ्यायचं असेल, मॅडम पुन्हा शिकवणार असतील, तर पहिल्या दिवसासाठी जरूर करा, मराठीतून इतकं नीट सांगणारं मला दुसरं कोणी भेटलं नाही. मुलांना बसवा सोबत. १९५५ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत अध्यक्षपदावरून होमी भाभांनी सांगितलं होतं की दोन दशकांत फ्यूजन ऊर्जा काबूत येईल, त्याला ७० वर्षं झाली, आणि तरी गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत आदित्य टोकामॅक (प्लाझ्मा चुंबकाने धरणारं फ्यूजनचं मशीन) १९८९ पासून आहे, इटरचा ३,८५० टनांचा क्रायोस्टॅट (मशीनभोवतीचं, चुंबक थंड राहावेत म्हणून लागणारं प्रचंड भांडं) हजिऱ्याला एल अँड टीने बनवून फ्रान्सला पाठवला. इटरचं वेळापत्रक पुढे गेलंय, २०२४ च्या नव्या आखणीप्रमाणे ड्युटेरियम ट्रिटियमचे प्रयोग २०३९ ला, पण ती भांडी, ते वेल्डिंग, ती मोजमापं आपल्या माणसांना जमली. खासगी पैसा आणि आपले हे कारागीर कधी एकत्र आले तर मी आठ लाख नाही पण जमेल ते नक्की घालेन, तेही कंपनीच्या स्वतःच्या नावाचा कागद हातात घेऊनच.

दुसऱ्या दिवसासाठी स्वतःच्या जबाबदारीवर बसा, प्रत्येक आकड्यापुढे ग्रॉस का नेट ते लिहून घ्या. तिसऱ्या दिवशी लॉग इन करू नका. ठाण्याचे एक गृहस्थ ओळखीचे झाले होते वर्कशॉपमध्ये, त्यांनी टोकन भरलंय, रु. ५०,००० आणि परत मिळत नाहीयेत असं काल फोनवर सांगत होते, आवाज अगदी बारीक झाला होता त्यांचा. त्यांना मी माझे तेच तीन प्रश्न लेखी ईमेलवर विचारायला लावलेत, व्हॉट्सॲपवर नाही, ईमेलवर, म्हणजे तारखेसकट राहतं. मीही तेच प्रश्न आयोजकांना ईमेलवर पाठवले होते, त्याला आज अकरा दिवस झाले. उत्तर आलं की जसंच्या तसं इथे टाकतो.

एकूण : ५ पैकी २.५. मॅडमना वेगळे ५.